अपंगत्व आलं? फॉर्म 10-सी भरण्याआधी हे वाचा

पन्नाशीत आजाराने किंवा अपघाताने काम कायमचं सुटलं, की 'पेन्शनसाठी लागणारी नोकरीची दहा वर्षं भरली नाहीत' म्हणून बरेच कामगार फॉर्म 10-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतात. थांबा! ईपीएस-95 मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेत, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पेन्शन मिळू शकते.

कंपनीमार्फत फॉर्म 10-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरा आणि प्रकार 'अपंगत्व पेन्शन' निवडा. मग वैद्यकीय मंडळाची तपासणी होते. तुम्ही करत होता ते काम आता जमतं का, हे तिथे पाहतात. म्हणून दिवसभर उभं राहणं, ओझं उचलणं अशी तुमच्या कामातली कोणती गोष्ट आता जमत नाही, हे डॉक्टरांच्या कागदांत स्पष्ट लिहून घ्या.

अपंगत्व नोकरीत असतानाच आलेलं हवं. राजीनाम्यावर घाईने सही करू नका.