तंबाखू सोडवायला निघालात? बोलण्यातल्या या चुका टाळा

घरच्या माणसाने तंबाखू सोडावी म्हणून आपण जीव तोडून बोलतो आणि तो मात्र अधिकच हटून बसतो, हा अनुभव इंदूरच्या मराठी घरांतही नवा नाही. सोडावीशी वाटणे आणि सोडवत नसणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकाच वेळी असतात. आपण सोडण्याची बाजू लढवू लागलो की त्याच्या वाट्याला दुसरीच बाजू उरते आणि ती मांडता मांडता ती त्याला स्वतःलाच पटत जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मद्यपींसोबतच्या कामातून १९८३ मध्ये याच जाणिवेवर उभी राहिलेली संवादपद्धती मांडली, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती वाढवली.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपाय सांगण्याची घाई. राजवाड्याजवळच्या दुकानात बसणारे काका पुतण्याला म्हणतात, "सोडायची आहे रे, पण गल्ल्यावर बसलं की हात आपोआप पुडीकडे जातो." यावर "मग पुडी घेऊच नका ना!" असे म्हटले की संवाद तिथेच खुंटतो. "म्हणजे सोडायचं तुमच्या मनात आहे, काका," एवढेच म्हणून पुतण्याने थांबावे. हे वाक्य प्रश्नासारखे चढ्या स्वरात म्हणू नये, कारण प्रश्न आला की माणूस उत्तराची जुळवाजुळव करू लागतो, आणि आपलेच म्हणणे परत ऐकू आले की तो पुढे बोलतो. कदाचित काका म्हणतील, "नात जवळ घेतली की वासाने तोंड फिरवते." हे कारण त्यांचे स्वतःचे आहे आणि माझ्या मते आपल्या दहा कारणांपेक्षा त्याचे वजन अधिक आहे.

सोडणे किती महत्त्वाचे वाटते, हे शून्य ते दहा या मापावर विचारले आणि उत्तर "चार" आले, तर "फक्त चारच?" असे म्हणू नये, कारण मग ते चारही का जास्त आहेत हेच ऐकावे लागते. "एक का नाही म्हणालात?" असे विचारावे, म्हणजे सोडण्याची कारणे त्यांच्याच तोंडून येतात.

पहिला होकार मिळताच "मग उद्यापासून बंद!" म्हणणे हीही चूकच. माहिती द्यायची असल्यास आधी "सांगू का?" असे विचारावे. "कशी सोडू?" हा प्रश्न त्यांच्याकडून आला, की मग डॉक्टरांकडे जाण्याविषयी बोलावे आणि तंबाखूमुक्तीसाठीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक द्यावा, कारण निकोटिनची तलफ केवळ ऐकून घेतल्याने शमत नाही.