पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाचा अपघात क्लेम

मी साताऱ्याच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवते. माझे बहुतेक पक्षकार शेतकऱ्यांच्या, गवंड्यांच्या, टेम्पोचालकांच्या घरातले. हायवेवर एखादी कार दुचाकीला उडवते, घरचा कर्ता माणूस जातो आणि तेरावं व्हायच्या आत 'क्लेम मिळवून देतो, एवढे टक्के माझे' म्हणणारा कुणीतरी दारात येऊन बसतो. त्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मिळणाऱ्या भरपाईत टक्का ठरवून फी घ्यायला वकिलालाच मनाई आहे, मग मध्यस्थाचं काय? वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन लावा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टच्या प्रती घ्या. कारचं आरसी (नोंदणी पुस्तक), विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांच्याही घ्या. पंचनामा हातात आला की लगेच वाचा. दुचाकी रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती, ब्रेकच्या खुणा कुठे आहेत, हे नीट आलंय का? तिथे गडबड असेल तर मयताचीही निम्मी चूक होती असं विमा कंपनी म्हणते आणि भरपाई तेवढी कापली जाते. चूक दिसली तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जवळच्या ढाब्यावर किंवा पंपावर कॅमेरा असेल तर त्याचं फुटेज जप्त करा, असंही त्याच अर्जात लिहा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

आता कमाईचा पुरावा. माझ्या मते अर्धा दावा इथेच ठरतो. ३८ वर्षांचा दूधवाला शेतकरी धरू. मागे बायको, दोन मुलं आणि आई. महिन्याची कमाई १५,००० सिद्ध झाली, तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,००० होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की १५,७५० उरतात. वर्षाचे १,८९,००० आणि त्या वयाचा गुणक (जितक्या वर्षांची कमाई धरतात तो आकडा) १५, म्हणजे २८,३५,०००. हा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिला आहे. पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्या वियोगाची आणि अंत्यविधीच्या खर्चाची रक्कम वेगळी. पुरावा नसला आणि न्यायाधिकरणाने (अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने) अंदाजाने ८,००० धरले, तर हाच आकडा १५,१२,००० वर येतो. नुसत्या कागदांअभावी सव्वातेरा लाख गेले.

म्हणून दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं शोधा. ती बहुधा देवघराच्या फळीवर नाहीतर पत्र्याच्या पेटीत सापडतात. बँकेचं पासबुक, सातबारा, ऊस बिल, ट्रॅक्टरच्या हप्त्याच्या पावत्या, सगळं जमवा. संस्थेच्या सचिवाला साक्षीला बोलवावं लागतं, त्याला आधीच भेटून ठेवा. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील मयताच्या पत्नीला हमखास विचारतात, 'जमीन तुमच्याच नावावर झाली ना? गाई गोठ्यातच आहेत ना?' म्हणजे उत्पन्न बुडालंच नाही, असं त्यांना दाखवायचं असतं. तेव्हा अपघातानंतरची बिलंही जपा. दूध किती घटलं, गडी ठेवावा लागला का, गाय विकावी लागली का, हे त्यातून दिसतं. ज्यानं पहाटे चारला उठून धारा काढल्या त्याच्या कष्टाची किंमत कोर्टात लागलीच पाहिजे.

माणूस जखमी असेल तर मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे जपून ठेवा आणि अपंगत्वाचा दाखला काढा. दाखल्यावरची टक्केवारी शेवटची नसते. पाय आखडलेल्या ड्रायव्हरचं सगळं कामच सुटतं, बैठं काम करणाऱ्याचं तसं नाही. कमाईवर खरा परिणाम किती झाला, हेच राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाप्रमाणे बघायचं असतं.

अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आली आहे. वर्षश्राद्धानंतर बघू म्हणू नका. अपघात खालापूरला झाला म्हणून रायगडला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात हिट अँड रन योजनेचा अर्ज करा. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख घेण्याचीही तरतूद आहे. पण विमा कंपनीशी तडजोडीत ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. वरचा हिशोब स्वतःच्या घराला लावून बघा, मगच सही करा.

निकालानंतर रकमेचा बराचसा भाग, विशेषतः मुलांच्या वाट्याचा, न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं. ते पैसे तुमचेच असतात. मुलीच्या कॉलेजची फी भरायची असेल तर कॉलेजचं फीपत्रक जोडून मुदतीआधी रक्कम काढायचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो.