आजोबांची शेंगाचटणी आणि लपवाछपवीचे इंग्रजी शब्द
चोरून पाहणे, चोरून खाणे, चोरून भेटणे ही तिन्ही कामे मराठीत एकच शब्द करतो, इंग्रजीत मात्र तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द रूढ आहेत. त्यामुळे शब्दकोशातील पहिला पर्याय उचलणारा विद्यार्थी हमखास फसतो. म्हणून कोश उघडण्यापूर्वी लपवणारा कोण, तो कोणापासून लपवतो आणि लपते ते नेमके काय, हे ठरवून घ्यावे.

सोलापुरातील कोणत्याही घरात घडू शकेल असा प्रसंग घेऊ. डॉक्टरांनी तेलतिखट बंद केलेले आजोबा दुपारी घर निजल्यावर कडक भाकरीसोबत शेंगाचटणी घेतात. डब्याला हात लावण्यापूर्वी ते दाराकडे जी नजर टाकतात, ती ‘फर्टिव्ह’. लॅटिनमध्ये ‘फूर’ म्हणजे चोर. चोराच्या मनात चांदणे म्हणतात तो भाव या शब्दात मुरलेला असल्याने तो नजरेला आणि हालचालीला शोभतो. झाकण वाजू न देता चटणी काढणे मात्र ‘सरप्टिशस’, कारण ‘खालून हिसकावणे’ या मुळातून आलेल्या या शब्दात भीतीपेक्षा हातचलाखी अधिक आहे. बोलण्यात ‘ऑन द स्लाय’ चालेल, अर्जात नको.

आजी जागी असते, पण कूस बदलून भिंतीकडे तोंड करते. हे ‘कनाइव्ह’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच डोळे मिटणे, म्हणजे हुबेहूब आपली डोळेझाक. या शब्दापुढे ‘अॅट’ आले तर कानाडोळा आणि ‘विथ’ आले तर हातमिळवणी असा अर्थ होतो, तेव्हा अव्यय चुकल्यास बिचारी आजी कटात सामील ठरते. नातवाने चटणीत वाटा घेऊन अळीमिळी गुपचिळी केली, तर त्याला ‘कलूजन’ थट्टेनेच म्हणता येईल. ‘एकत्र खेळणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला हा शब्द निविदा, बाजारभाव आणि न्यायालयीन दावे यांतील संगनमतासाठी राखून ठेवावा.

‘क्लॅनडेस्टिन’ला आधीपासून आखलेला बेत लागतो आणि बहुधा एखादी बंदीही. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ असताना कोणी लपून बैठक घेतली असती, तर तिला हाच शब्द लागला असता; ‘अंडरहँड’ म्हटले असते तर ती बैठक कपटाची ठरली असती, कारण त्या शब्दात दोषारोप अंगभूत आहे. तीच हालचाल पोलिसांनी किंवा सैन्याने केली की इंग्रजी वृत्तपत्रे तिला ‘कव्हर्ट’ म्हणतात, आणि हा पक्षपात मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. दोष न देता ‘जपून, बभ्रा न करता’ एवढेच म्हणायचे असल्यास ‘डिस्क्रीट’ वापरावा. स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ शेजारी असतील तर हा अर्थ, मध्ये ‘टी’ आला तर सुटेसुटे असा निराळाच अर्थ.

एक चूक विशेष आढळते. परगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून रस्त्यावर मांडून विकणाऱ्यास विद्यार्थी ‘सीक्रेटिव्ह’ लिहितात. त्याने चादर लपवलेली नाही, उलट चारचौघांत झटकून दाखवली आहे. तेथे ‘डिसेप्टिव्ह’ हवा.