रूटचं रिमोट लॉगिन बंद करताना

सर्व्हर सांभाळण्याच्या माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही चौघं रूटचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचा, एकच पासवर्ड वापरायचो. एके सकाळी एका सर्व्हरवरची महत्त्वाची फाइल गायब झालेली दिसली. लॉग, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद, उघडला, तर सगळीकडे फक्त रूट. चौघांपैकी कोणी उडवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. (मी नव्हते, असं मी अजूनही सांगते.) रूटचं रिमोट लॉगिन बंद करायचं काम त्याच दिवशी माझ्या गळ्यात पडलं.

बाहेरचे हल्ले हेही कारण आहेच. रूट हे नाव युनिक्स प्रकारच्या बहुतेक प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर सापडतं, त्यामुळे हल्लेखोराला फक्त पासवर्डच शोधायचा उरतो. पण माझ्या लेखी मोठं कारण म्हणजे कोणी काय केलं ते नावानिशी कळणं.

बदल तसा एका ओळीचा: दुरून येणारी लॉगिन्स घेणाऱ्या एसएसएचडी या प्रोग्रामच्या एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘परमिट-रूट-लॉगिन’ला ‘नो’ द्यायचं. ओपन-एसएसएच (एसएसएचडी ज्यात येतो ते सॉफ्टवेअर) याच्या ७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, काही लिहिलं नसेल तर रूटला पासवर्डने आत येता येत नाही. की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, असेल तर मात्र येता येतं. ‘नो’ लिहिलं की तीही वाट बंद.

त्या ओळीला हात लावण्याआधी स्वतःचं खातं तयार हवं. सुडो म्हणजे स्वतःच्या खात्यातून रूटचे अधिकार वापरू देणारी कमांड. तिचा ग्रुप देताना ‘यूजरमॉड’ या खातं बदलायच्या कमांडला मोठ्या जी-बरोबर छोटा ए द्यायला विसरलात, तर खातं बाकीच्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतं. नवा ग्रुप पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो, म्हणून दुसऱ्या खिडकीतून आत येऊन सुडो खरंच चालतं का ते बघा. मग ‘एसएसएचडी’ला छोटा टी देऊन फाइल तपासा आणि सर्व्हिस रीलोड करा. जुनी खिडकी तोवर बंद करू नका. चालू असलेलं सेशन रीलोडने तुटत नाही, आणि काही चुकलं तर परतायची वाट तीच.

मी हे सगळं नीट केलं. तरी रूट आत येतच होता! अर्धा दिवस स्पेलिंग तपासण्यात गेला. दोष होता ‘कॉन्फिग-डी’ फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलचा. मुख्य फाइल तिला अगदी वरच वाचून घेत होती, आणि एसएसएचडी एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमतच धरतो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ‘एसएसएचडी’ला मोठा टी दिल्यावर दिसतं. आता मी फाइल वाचण्याआधी तेच बघते.

त्या रात्री बॅकअप फसला. दुसरं मशीन रूटची की वापरून आत यायचं, हे कोणी मला सांगितलंच नव्हतं. सकाळी ‘मॅच ॲड्रेस’खाली फक्त त्या मशीनच्या पत्त्यासाठी ‘परमिट-रूट-लॉगिन’ला ‘फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली’ (कीला बांधलेली कमांडच चालू देणं) दिलं आणि ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्या कीपुढे बॅकअपची कमांड बांधून टाकली. आता त्या कीने तेवढंच होतं, शेल, म्हणजे हव्या त्या कमांड टाइप करायची जागा, मिळत नाही.

रूटचा पासवर्ड आम्ही काढला नाही. नेटवर्क गेलं तर कन्सोलवर, म्हणजे थेट मशीनपाशी लॉगिन करताना, तो लागतो. लॉगमध्ये आता नावं दिसतात. फक्त आमच्यातला एक जण सकाळी सुडोने रूट शेल उघडतो आणि दिवसभर त्यातच बसतो. तो कधी आत गेला ते लॉग सांगतो, पुढे काय केलं ते त्यालाच विचारावं लागतं.