'केनोडोक्सिया'चा अर्थ कसा लावावा

प्राचीन ग्रीक मजकुरात 'केनोडोक्सिया' आला की 'पोकळ अभिमान' लिहून मोकळे होऊ नका. आधी मजकुराचा काळ पाहा.

शब्दाची फोड सोपी आहे. केनोस म्हणजे रिकामे. डोक्सा म्हणजे मुळात मत; पुढे लोकांचे आपल्याविषयीचे मत, म्हणजे लौकिक, कीर्ती. इथे अक्षरे नीट तपासा. 'नवा' या अर्थाचा काइनोस पुढच्या काळात केनोससारखाच उच्चारला जाऊ लागला, त्यामुळे हस्तलिखिते उतरवून काढणाऱ्यांची गफलत होई. बायबलच्या नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (6:20), 'पोकळ बडबड' या जोडशब्दाऐवजी काही हस्तलिखितांत 'नवी बडबड' आढळते, ती यामुळेच.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. 341–270) वाचत असाल तर अभिमान बाजूला ठेवा. पुऱ्या न झाल्या तरी दुःख न देणाऱ्या इच्छांमागेही माणूस जिवापाड धावतो, ते केनोडोक्सियामुळे, असे तो म्हणतो. इथे अर्थ निराधार समजूत. 'बढाई' घातलीत तर त्याचा युक्तिवादच कोसळतो.

नव्या करारात हे नाम एकदाच येते, फिलिप्पैकरांस पत्रात (2:3). लगेच पुढे नम्रतेने दुसऱ्याला श्रेष्ठ मानायला सांगितले आहे, म्हणून 'पोकळ डौल' चपखल बसते.

खरी कसोटी चौथ्या शतकातल्या इव्हाग्रिअसची. इजिप्तच्या वाळवंटातल्या या संन्याशाच्या आठ कुविचारांच्या यादीत केनोडोक्सिया सातवा, तर गर्व, म्हणजे हिपेरेफानिया, आठवा. हे दोन एकच समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. गर्विष्ठ माणूस देवाची मदत नाकारून सत्कृत्याचे श्रेय स्वतःकडे घेतो. केनोडोक्सियाला मात्र प्रेक्षक लागतो. हा कुविचार सद्गुणी माणसालाच गाठतो: लोक आपल्याला धर्मगुरू करायला दाराशी आलेत, नको म्हटले तरी बांधून नेताहेत, अशी स्वप्ने साधकाला पडू लागतात. किती अचूक निरीक्षण आहे हे! अशा जागी 'वाहवेची हाव' लिहा. आणि 'फुशारकी' टाळा. नसलेले गुण मिरवण्यासाठी ग्रीकमध्ये अलाझोनेइया हा वेगळा शब्द आहे. केनोडोक्सियात कृत्य अस्सल असू शकते.

इव्हाग्रिअसचे विचार लॅटिनमध्ये नेणाऱ्या कासियान या संन्यासी लेखकाने ग्रीक शब्दच ठेवला. सहाव्या शतकाअखेरीस पोप ग्रेगरीने गर्वाला सर्व पापांचे मूळ मानून वेगळे काढले आणि वृथा कीर्ती, म्हणजे केनोडोक्सिया, सात मुख्य पापांत ठेवली. पुढच्या याद्यांत गर्व आणि वृथा कीर्ती एकत्र झाले. म्हणून सात पापांच्या प्रचलित यादीवरून हा अर्थ लावू नका; इव्हाग्रिअसची आठांची यादी उघडा.