जुन्या तोफगोळ्यावरचा टाइम फ्यूज वाचायचा कसा

टाइम फ्यूज म्हणजे गोळा उडाल्यावर ठरलेल्या सेकंदांनी फुटावा म्हणून त्यात बसवलेली, आतली दारू जळत जाणारी वात. आधीच सांगतो, गोळा म्युझियमच्या काचेआड असेल नाहीतर फोटोत असेल तरच हे सगळं करा. जमिनीतून निघालेल्या गोळ्याला हात लावायचा नाही, आटे फिरवून बघणं तर लांबच, कारण काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तिथल्या यादवीतल्या (सिव्हिल वॉर) गोळ्यावर काम करताना एक संग्राहक त्यातच गेला.

पहिलं बघायचं ते फ्यूज कशाचा बनलाय. राखाडी मऊ धातूची चकती आणि तिच्यावर घड्याळासारखे आकडे दिसले तर तो बोरमन, बेल्जियमच्या कॅप्टन बोरमनचा. शिसं आणि कथील मिसळून ओतलेली चकती, आत घोड्याच्या नालेच्या आकाराची खाच, खाचेत दाबून भरलेली दारू, खाचेचं एक टोक बंद आणि दुसरं मधल्या छोट्या खणाला जोडलेलं. तोफची पाहिजे त्या आकड्यावर वरचा पातळ थर छेदायचा, तोफ उडाली की ज्वाळा गोळ्याच्या कडेच्या फटीतून पुढे येऊन त्या छेदातून आत शिरायची. आकडे पाव पाव सेकंदाने सव्वापाचपर्यंत. पाव सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो पण गोळा सेकंदाला ३०० मीटर जात असेल तर तेवढ्यात ७५ मीटर पार!

मग छेद कुठे आहे ते शोधा. छेदच नसेल तर एकतर गोळा कधी मारलाच नाही किंवा मुद्दाम न फोडता नुसता भरीव गोळ्यासारखा मारला, दोन्ही शक्यता धरा.

खरी गंमत चकतीच्या खालच्या बाजूला आहे, जी फोटोत फार कमी वेळा दिसते. खाच दारू भरून खालून बंद करायला नालेसारखीच धातूची पट्टी दाबून बसवायचे. ती घट्ट बसली तरच सगळा हिशोब बरोबर. अमेरिकन यादवीत दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांनी याची नक्कल केली पण सांधा काही नीट बसेना, तोफेच्या धक्क्याने ज्वाळा वेळ न बघता थेट आत शिरायची आणि गोळा तोफेतच नाहीतर आपल्याच पायदळाच्या डोक्यावर फुटायचा, पायदळवाले वैतागले नसते तरच नवल. पुटी, चामडं असले उपाय करून झाले, शेवटी १८६२ संपता संपता नाद सोडला. म्हणून नंतरच्या दक्षिणी गोळ्यावर तांब्याचं बूच आणि मधे नुसतं रिकामं भोक दिसलं तर फ्यूज हरवला असं समजू नका, कागदी फ्यूज आयत्या वेळी त्यात खुपसायचे.

निमुळता लाकडी फ्यूज आणि बाजूला भोकांच्या दोन ओळी असतील तर तो ब्रिटिश, लंडनजवळच्या वुलिचमधल्या, दारूगोळा बनवणाऱ्या रॉयल लॅबोरेटरीतल्या एडवर्ड बॉक्सरचा. एका ओळीत सम आकडे, दुसरीत विषम. दारू साधारण इंचाला ५ सेकंद जळायची, म्हणजे इंचाचा दहावा भाग अर्धा सेकंद, आणि तोफची हव्या त्या भोकातून आतल्या दारूपर्यंत टोचायचा.

पण आकडा वाचला म्हणजे वेळ कळली असं नाही हं. हाताने भरलेल्या फ्यूजमध्ये दारू थोडी थोडी टाकून मोगरीने ठोकायची, एखादा थर सैल राहिला की तो भरभर जळणार, दमट हवा लागली की मंद. त्यात उंचीचं वेगळंच. उंचावर, हवा विरळ झाली की फ्यूज हळू जळतो हे मिचेल नावाच्या माणसाने १८५५ मध्ये मांडलं आणि पुढे रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडने दाब कमी करून तपासलं. त्यामुळे डोंगराळ मुलखातल्या फ्यूजवर छेद जरा आधीच्या आकड्यावर दिसला तर तोफच्याचा अंदाज चुकला असं लगेच लिहून टाकू नका.