निबंधाच्या पेपरची तयारी : म्हणणे, वाक्य, मग शुद्धलेखन

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर मराठीतून लिहिता येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथेही २५० गुणांचा निबंध आला आहे. त्यामुळे मराठीत सलग, नेमके लिहिता येणे हे आता अनेकांच्या तयारीत बसवावे लागते. मुद्दे जमवण्यात बहुतेकांचे महिने जातात, वाक्ये तपासण्यात क्वचितच कोणाचा आठवडा जातो. माझ्या मते निबंध पडतो तो माहिती कमी पडल्यामुळे नव्हे, तर कोणी काय केले हे धूसर राहिल्यामुळे. म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

आधी विषयाचे म्हणण्यात रूपांतर करा. समजा, ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ असा विषय आला. हा नुसता विषय आहे, यात अजून कोणी काही म्हटलेले नाही. ‘पाऊस हुकल्याने पीक जाते, पण गाव रिकामे होते ते हाताला काम नसल्याने’ हे झाले म्हणणे. ते एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासह, कच्च्या पानावर सगळ्यात वर लिहा. असे वाक्य होत नसेल तर त्या विषयावर लिहिण्याची तुमची तयारी झालेली नाही, दुसरा विषय घ्या. वाक्य झाले की आठवणारा प्रत्येक मुद्दा त्याच्याजवळ नेऊन पाहा : १९७२चा दुष्काळ, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना, तिला कायद्याचा आधार देणारे १९७७ साल, केंद्राने २००५ साली केलेला रोजगार हमीचा कायदा, हिवरे बाजार. सनावळीने मांडले तर हा इतिहासाचा धडा होईल. म्हणण्याच्या क्रमाने मांडा. दुष्काळात सगळ्यात आधी मजुरी जाते ती शेतमजुराची. काम मिळाले तर तो गावात राहतो. पण ते काम पाणी अडवणारे नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच वेळ येते. हिवरे बाजार इथे येऊ द्या, कारण त्या गावाने रोजगार हमीचा पैसा मृद आणि जलसंधारणाच्या कामांना लावला, शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस यांवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. आता हे उदाहरण शोभेपुरते राहत नाही, युक्तिवादातली एक पायरी होते.

विरोधी बाजूसाठी एक परिच्छेद राखून ठेवा आणि ती बाजू दुबळी करून मांडू नका. हमीच्या कामांचा दर्जा, मजुरी मिळायला लागणारा उशीर, हजेरीपटातले घोटाळे हे आक्षेप खरे आहेत. ते पूर्ण ताकदीने लिहा आणि मग उत्तर द्या. तपासणाऱ्याचा विश्वास इथेच बसतो. सुरुवातीला सुविचार किंवा कवितेची ओळ नको, पहिल्याच परिच्छेदात म्हणणे येऊ द्या. शेवटी काय व्हावे आणि ते कोणी करावे हे सांगून थांबा.

घरी सरावाचा निबंध झाला की प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य ओळीने वाचा. त्या पाच-सात वाक्यांतून सगळा युक्तिवाद उभा राहायला हवा. राहिला नाही, तर परिच्छेदांचा क्रम चुकला आहे किंवा एका परिच्छेदात दोन गोष्टी कोंबल्या आहेत.

आता वाक्ये. ‘योजना राबवण्यात आली’, ‘निधी उपलब्ध करून देण्यात आला’ ही सरकारी परिपत्रकांची सवय निबंधात शिरते आणि कर्ता गायब करते. कोणी राबवली? राज्य सरकारने, जिल्हा परिषदेने की ग्रामसभेने? कर्ता लिहिला की वाक्य आखूड होते आणि जबाबदारीही कळते. ‘-च्या माध्यमातून’ आले की तिथे ‘-ने’ किंवा ‘-मुळे’ बसते का पाहा, बहुतेकदा बसते. लांब वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यात दोन ओळींचे अंतर पडले की लिंग-वचन हमखास घसरते : ‘सरकारने दुष्काळी तालुक्यांसाठी आखलेल्या आणि नंतर वाढवलेल्या योजना बंद केले’. बंद काय केल्या? योजना. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माकडे पाहते, म्हणून ‘केल्या’. मात्र ‘विसरणे’, ‘शिकणे’ या धातूंशी कर्ता प्रत्ययाविना येतो : ‘गाव तो धडा विसरले’. आदरार्थी कर्त्याला ‘नी’ लावा, आधीचा अनुस्वार सोडू नका : पागे यांनी, अधिकाऱ्यांनी. ‘शेतकऱ्यांची मदत करणे’ ही हिंदीची सावली आहे, मराठीत शेतकऱ्यांना मदत करतात. ‘केले’ लिहायचे तर शेवटपर्यंत ‘केले’च. ‘केलं’ बोलण्यात शोभते, औपचारिक निबंधात दोन्हींची सरमिसळ डोळ्यांना खुपते.

शुद्धलेखनाचे नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ते एकदा पूर्ण वाचा, पण रोजच्या चुका चार-पाच जागीच होतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गती, गुरू. संस्कृतात ऱ्हस्व असलेला असा शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व : गुरुदक्षिणा, दृष्टिकोन. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ ऱ्हस्वच, ‘की’ मात्र दीर्घ. गरीब, पण गरिबाला. फूल, पण फुलाला. शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून शरीराला. शब्दयोगी अव्यय आणि सामासिक शब्द तोडू नका : शेतीसाठी, पाणीपुरवठा, ग्रामविकासविषयक. काही शब्द घडण कळली की पुन्हा चुकत नाहीत. ‘महत्’ला ‘त्व’ लागून महत्त्व, ‘नेतृ’ला लागून नेतृत्व, ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ मिळून तज्ज्ञ. परंपरेचे विशेषण पारंपरिक, त्यात ‘पा’ एकदाच. ‘पाऊस कधी येईल हे सांगता येत नाही’ या वाक्यात प्रश्न आहे, पण वाक्य प्रश्नार्थक नाही, म्हणून पूर्णविराम.

सरावाच्या वह्या तपासून घेताना स्वतःच्या चुकांची वेगळी यादी ठेवा. एकाच माणसाच्या चुका पुन्हा पुन्हा त्याच असतात, त्यामुळे ती यादी लवकरच वाढायची थांबते. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही न वाचता ती वाचा.

वेळेचे गणित मात्र आधीच पक्के हवे. केंद्राच्या परीक्षेत तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे. म्हणजे एका निबंधाला ९० मिनिटे. त्यातली १५ कच्च्या पानाला, ६५ लिहायला आणि १० वाचायला द्या. ६५ मिनिटांत ११०० शब्द म्हणजे मिनिटाला साधारण १७. या वेगाने तुमचे अक्षर वाचता येते का, हे घड्याळ लावून घरीच पाहा. येत नसेल तर वाक्ये आखूड करा, अक्षर दाबू नका. शेवटच्या दहा मिनिटांत मजकूर बदलायला जाऊ नका. फक्त कर्ता-क्रियापदाची जुळणी, अनुस्वार आणि तुमच्या यादीतले शब्द पाहा.